आधी कामगार ठरा, मग तक्रार करा

महाराष्ट्रातील औद्योगिक न्यायालयांत गेली वीसहून अधिक वर्षे एक विचित्र प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो आहे. कारखान्याच्या उपाहारगृहात, पॅकिंग विभागात किंवा साफसफाईवर दहा-बारा वर्षे राबलेला माणूस अनुचित श्रम प्रथेची तक्रार घेऊन येतो. कंपनीचे उत्तर एका ओळीचे असते : हा आमचा कामगार नाही, कंत्राटदाराचा आहे. आता न्यायालय दोन्ही बाजूंचा पुरावा घेईल, कंत्राट खरे की नावापुरते हे तपासेल आणि निकाल देईल, अशी कोणाही सामान्य माणसाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तक्रार तिथेच अडते. तुम्ही कंपनीचे कामगार आहात की नाही हे आधी दुसऱ्या कायद्याखाली, दुसऱ्या मंचासमोर ठरवून आणा आणि मग इथे या, असे तक्रारदाराला सांगितले जाते. हा दुसरा मंच पुष्कळदा त्याच इमारतीत आणि त्याच न्यायाधीशांसमोर असतो, कारण राज्यात औद्योगिक न्यायालयाच्या सदस्यांनाच औद्योगिक न्यायाधिकरण म्हणूनही नेमलेले असते. खुर्ची तीच राहते, बदलतो तो केवळ प्रकरणाच्या शीर्षकातील कायदा.

कामगारपणाचा वाद कोणी, केव्हा आणि कोणत्या पुराव्यावर ठरवायचा हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. कंत्राटी पद्धतीवरच्या आपल्या चर्चेत ती पद्धत असावी की नसावी यावर भरपूर बोलले जाते. पण ज्या प्रक्रियेतून न्यायालयात निकाल लागायचा तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे आहे की, ज्या न्यायालयाकडे तक्रार आली त्यानेच तक्रारदार कामगार आहे की नाही हेही ठरवले पाहिजे, तक्रारीच्या इतर मुद्द्यांसोबतच ठरवले पाहिजे आणि त्यासाठी लागणारे कागद ज्याच्या कपाटात आहेत त्याला ते पहिल्या काही तारखांतच बाहेर काढायला लावले पाहिजे. यातले एकही पाऊल गाळले तर कामगार न ठरणारा माणूस पुराव्याअभावी हरत नाही, वाट पाहून पाहून थकल्यामुळे हरतो.

ज्या कायद्याखाली ही तक्रार होते तो महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित श्रम प्रथांना प्रतिबंध करणारा हा अधिनियम १९७१ सालचा असून तो १९७५ मध्ये अमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकांच्या अनुचित प्रथांची यादी आहे. कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवायचे आणि कायम कामगाराचा दर्जा व हक्क त्यांच्यापर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत, ही त्या यादीतली सहावी बाब कामगारवस्तीत अनेकांना तोंडपाठ असते. या कायद्याचे खरे बळ मात्र त्याच्या प्रक्रियेत होते. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली आधी समेट अधिकाऱ्याकडे जावे लागे, समेट फसला की सरकारने वाद न्यायाधिकरणाकडे सोपवावा म्हणून थांबावे लागे आणि सरकारने तो सोपवलाच नाही तर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. राज्याच्या कायद्याने हा मधला घाट काढून टाकला. घटना घडल्यापासून नव्वद दिवसांत थेट न्यायालयात तक्रार करता येते, अंतिम निकालापूर्वी अंतरिम आदेशही मिळू शकतो. ‘युएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिस, म्हणजेच अनुचित श्रम प्रथा) हा शब्द इंग्रजी न जाणणाऱ्या कामगाराच्याही तोंडी बसला तो यामुळेच.

२००१ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाच्या लागोपाठ आलेल्या दोन निकालांनी या वाटेवर फाटक बसवले. पहिला निकाल कल्याणी स्टील्सच्या उपाहारगृहातील कामगारांच्या संघटनेचा होता, दुसरा सिप्लाच्या आवारात कंत्राटदारामार्फत साफसफाईचे काम करणाऱ्यांचा. दोन्हींचा आशय असा की, मालक-कामगार हे नाते मान्य असलेल्यांसाठीच १९७१ चा कायदा आहे. नात्याबद्दलच वाद असेल तर तो आधी योग्य मंचासमोर सोडवून घ्यावा आणि दर्जा सिद्ध झाल्यानंतरच अनुचित प्रथेची तक्रार करावी. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका प्रकरणात हीच भूमिका कायम ठेवली. तेव्हापासून नाते निर्विवाद आहे का, किंवा निदान ज्यावर वाद घालताच येऊ नये इतके उघड आहे का, हा या न्यायालयांत पहिला प्रश्न झाला आहे.

या भूमिकेमागचा युक्तिवाद हलका नाही आणि तो नीट मांडल्याशिवाय त्याला विरोध करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७१ चा कायदा ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या स्वतः करत नाही, ती बहुतांशी औद्योगिक विवाद कायद्यातून उसनी घेतो. म्हणजे विधिमंडळाला नवा दर्जा निर्माण करायचा नव्हता, असलेल्या दर्जाच्या कामगारांना संरक्षण द्यायचे होते. शिवाय कंत्राटी कामगार कायदा, १९७० नुसार एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारचा होता, न्यायालयाचा नव्हता. तक्रारीच्या आडून तोच परिणाम साधला जाऊ नये ही चिंता रास्त आहे. त्यात या न्यायालयाचा आदेश मोडला तर तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. इतक्या गंभीर परिणामांपूर्वी मूळ नात्याची सखोल तपासणी व्हावी, असे कोणी म्हटले तर ते चूक कसे म्हणता येईल?

पण सखोल तपासणी हवी म्हणजे तपासणी दुसरीकडेच हवी, असा अर्थ कुठे होतो? औद्योगिक न्यायालय साक्षी नोंदवते, उलटतपासणी घेऊ देते, कागदपत्रे हजर करण्याचा हुकूम देऊ शकते. त्याचा न्यायाधीश तोच असतो जो उद्या न्यायाधिकरण म्हणून हाच प्रश्न ऐकणार आहे. अडचण त्याच्या कुवतीची नाही. अडचण अशी आहे की न्यायालयाचे दार उघडे राहणार की बंद होणार, हे प्रतिवादीच्या जबाबावर ठरू लागले आहे. आपल्या दिवाणी न्यायव्यवस्थेत सर्वसाधारण नियम याच्या उलट आहे. मुंबईच्या भाडे कायद्याखालील एका जागेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगितले होते की, न्यायालयाचे अधिकारक्षेत्र वादीने दाव्यात काय म्हटले आहे त्यावरून ठरते, प्रतिवादीच्या बचावावरून नाही. तसे नसते तर प्रत्येक प्रतिवादीने एक वाक्य लिहून आपल्याला सोयीचे न्यायालय निवडले असते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत जवळपास तेच घडले आहे, आणि ते वाक्य कोणते लिहायचे हे आता कोणत्याही कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला शिकवावे लागत नाही.

आणि दुसऱ्या मंचावरची वाट सरळ तरी होती का? टेल्कोच्या जमशेदपूरच्या कारखान्यातील गाड्या चालवत नेणाऱ्या चालकांचे प्रकरण त्या दृष्टीने आठवण्याजोगे आहे. आम्ही कंपनीचे कामगार आहोत, हा त्यांचा वाद बिहार सरकारने न्यायाधिकरणाकडे पाठवायलाच नकार दिला आणि कारण दिले की ते कंपनीचे कामगार नाहीत. म्हणजे जो प्रश्न न्यायाधिकरणाने ठरवायचा तो मंत्रालयातल्या फाइलीवर, साक्षीपुराव्याशिवाय ठरून मोकळा झाला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चूक दुरुस्त केली आणि वादाच्या गुणदोषांचा निवाडा करणे हे वाद सोपवणाऱ्या सरकारचे काम नव्हे, असे स्पष्ट केले. निकाल उत्तम होता. पण प्रश्न ऐकून तरी घ्या, एवढे मिळवण्यासाठी त्या चालकांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

‘कामगार कोण’ हा कोरडा कायदेशीर प्रश्न नव्हे, तो प्रत्येक प्रकरणातल्या तथ्यांचा प्रश्न आहे, हे आपल्याकडे फार आधी मान्य झाले आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा १९५० च्या दशकातला निकाल कामगार कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. कच्छच्या छोट्या रणात मिठाच्या हंगामात काम करणारे अगरिया हे त्यातले कामगार. प्रत्येकाला जमिनीचा पट्टा वाटून दिलेला असे, मजुरी तयार मिठाच्या वजनावर मिळे, कामाचे तास ठरलेले नसत, मदतीला घरची माणसे किंवा स्वतः नेमलेले मजूर घेण्याची मुभा असे. कागदावर पाहिले तर हे स्वतंत्र कंत्राटदारच. पण खाऱ्या पाण्याच्या घनतेपासून मिठाच्या प्रतीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची माणसे देखरेख करत होती, हे पुराव्यातून पुढे आले आणि न्यायालयाने अगरियांना कामगार ठरवले. हा निकाल शक्य झाला कारण कोणीतरी बसून, साक्षी ऐकून, त्या रणात प्रत्यक्ष काय घडते ते नोंदवले होते. पुढे १९७८ मध्ये कालिकतच्या दोरखंड कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कंत्राटदारांचा पडदा बाजूला करून कामगारांचे पोट खरोखर कोणाच्या उद्योगावर चालते ते पाहायला सांगितले. पडदा बाजूला करायला मात्र आधी तो ज्या खोलीत टांगला आहे त्या खोलीत शिरता आले पाहिजे.

आजच्या कसोट्या वाचल्या की पुराव्याचे महत्त्व आणखी ठसते. एअर इंडियाच्या उपाहारगृहातील कामगारांच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाहण्याच्या गोष्टी मोजून दिल्या : नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, कामावरून काढण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करू शकतो, सेवेत सातत्य आहे का, आणि नियंत्रण व देखरेख कितपत आहे. यातल्या पहिल्या दोन बाबींची तजवीज कंत्राटदाराचे लेटरहेड आणि त्याचे बँक खाते करून ठेवते. उरलेल्या बाबींचा पुरावा असतो तो कंपनीच्या दाराशी : गेटवरील नोंदवही, बोटाच्या ठशाची हजेरी, शिफ्टचा तक्ता, सुपरवायझरच्या सह्या, सुरक्षा विभागाने दिलेला पास, कंत्राटदाराला दिलेल्या बिलांमागे जोडलेली नावांची यादी. कामगाराकडे काय असते? फार तर कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी आणि त्याही दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या कंत्राटदारांच्या नावावर. माणूस एकाच यंत्रावर उभा आणि मालकाचे नाव मात्र बदलत राहिलेले, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत अपरिचित नाही. त्या बदलत्या नावांची साखळी हाच खरे तर बोगस कंत्राटाचा मोठा पुरावा असतो. पण ती साखळी जोडायला लागणारी कंत्राटे आणि परवाने कामगाराने पाहिलेलेही नसतात.

सिद्धतेचा भार कोणावर, या प्रश्नावर न्यायालयांनी एकच एक भूमिका घेतलेली नाही. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम केल्याचे कामगारानेच सिद्ध करावे आणि त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही, असा निकाल २००२ मध्ये आला. नंतरच्या निकालांनी त्याची धार थोडी कमी केली. कामगार मालकाकडचे मस्टर मागवू शकतो, हे सांगितले गेले आणि गुजरातच्या मत्स्य विभागातील एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात न्यायालयाने हेही मानले की नेमणूकपत्र, पगाराची पावती वगैरे काहीच ज्याला दिले जात नाही, त्याने शपथेवर सांगितल्यानंतर नोंदी हजर करण्याची जबाबदारी मालकाकडे सरकते. हा नंतरचा प्रवाह मला योग्य वाटतो. मात्र तो निकालाच्या टप्प्यावर, म्हणजे खटला दहा वर्षे जुना झाल्यावर उपयोगी पडतो. नोंदवह्या तोपर्यंत ‘नियमाप्रमाणे नष्ट’ झालेल्या असतात आणि प्रतिकूल निष्कर्ष काढायचा की नाही हे न्यायाधीशांच्या मर्जीवर उरते. कागद मागायची वेळ पहिल्या तारखेची आहे.

एकाच मंचावर खटला चालला तरी दुसरा धोका उरतो, तो प्राथमिक मुद्द्याचा. कामगार आहे की नाही हा मुद्दा आधी वेगळा काढायचा, त्यावर निकाल घ्यायचा, त्या निकालाला उच्च न्यायालयात आव्हान द्यायचे, स्थगिती मिळवायची. मूळ तक्रार तोवर कपाटात. दिल्लीतल्या एका कर्मचाऱ्याला १९६९ साली कामावरून काढले गेले आणि तो ‘कामगार’ या व्याख्येत बसतो की नाही एवढाच प्रश्न १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात सुटला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या निकालात औद्योगिक न्यायाधिकरणांना बजावले की मुद्दे तुकड्यांत न काढता एकत्रच निकाली काढावेत, कारण प्राथमिक मुद्द्यावरच्या लढाया परवडणारा पक्ष आणि न परवडणारा पक्ष यांच्यात बरोबरी नसते. हा निकाल आता चाळीस वर्षांहून जुना आहे. महाराष्ट्रातील २००१ नंतरची व्यवस्था त्याच्याशेजारी ठेवून पाहिली तर प्राथमिक मुद्दा नुसता वेगळा काढलेला नाही, त्याला स्वतंत्र खटल्याचा दर्जा दिला आहे असेच म्हणावे लागते.

ब्रिटनची व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणणार नाही. तिथे २०१३ मध्ये रोजगार न्यायाधिकरणात दावा लावायला बाराशे पौंडांपर्यंत शुल्क बसवले गेले होते आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते न्यायाच्या वाटेतला अडथळा म्हणून रद्द ठरवले. मात्र दर्जाचा वाद कुठे सुटावा याबद्दल तिथे गोंधळ नाही. उबरच्या चालकांनी किमान वेतन आणि भरपगारी रजा मागितली, कंपनी म्हणाली की ते स्वतंत्र व्यावसायिक आहेत, आणि त्याच न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये पुरावा घेऊन ते ‘वर्कर’ आहेत असे ठरवले. कंपनीने अपिले केली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निष्कर्ष कायम ठेवला. चार-पाच वर्षे तिथेही गेली. पण नाते नाकारले गेले म्हणून चालकांना दुसऱ्या मंचावर जाऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. मोटारी धुणाऱ्या कामगारांच्या २०११ च्या प्रकरणातही हेच झाले होते. कागदावर त्यांना स्वतंत्र व्यावसायिक म्हटले होते, न्यायाधिकरणाने प्रत्यक्ष व्यवहार पाहिला.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही श्रम संहिता लागू केल्या आणि औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्यातल्या अनेक तरतुदींवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि त्यातले काही मलाही पटतात. मात्र एक सुधारणा मोकळेपणाने मान्य करायला हवी : समेट फसल्यानंतर सरकारने वाद सोपवण्याची वाट न पाहता थेट न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मंत्रालयातल्या फाइलीवर कामगारपण ठरण्याचा प्रकार त्यामुळे संपायला हवा. त्याच वेळी सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या ‘पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेर काम करणारा’ अशी केली आहे आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची जबाबदारी टाकली आहे. या व्याख्येचा एक वापर होईल अशी मला भीती वाटते. ॲपवरून अन्न पोहोचवणारा मुलगा खाते बंद केल्याची तक्रार घेऊन गेला की त्याला सांगितले जाईल, तू गिग कामगार आहेस, म्हणजे कायद्यानेच नात्याबाहेर आहेस. वास्तविक व्याख्येचे तर्कशास्त्र उलटे आहे. नाते आहे की नाही हे पुराव्यावर ठरल्यानंतरच माणूस त्या व्याख्येत बसतो की नाही ते कळते. व्याख्या हा पुराव्याला पर्याय नव्हे. त्या मुलाच्या बाबतीत हजेरी, मार्ग, दंड, मानांकन हा सारा तपशील कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि गेटवरच्या नोंदवहीपेक्षाही तो त्याच्या हाताबाहेर असतो.

दर्जाचा वाद बाजूला ठेवून संरक्षण देण्याचा एक मार्ग महाराष्ट्राने पूर्वी काढला होता, हे इथे नोंदवायला हवे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन केली, हमालांची नोंदणी केली, मालकांकडून लेव्ही घेतली आणि हमालाचा मालक नेमका कोणता व्यापारी या न सुटणाऱ्या प्रश्नाला वळसा घातला. तो मार्ग सगळीकडे चालणारा नाही. कारखान्यात मालक कोण हे शोधणे अवघड नसते, ते शोधू दिले जात नाही एवढेच.

करायचे काय, याचे उत्तर फार मोठ्या कायद्यात नाही. १९७१ च्या अधिनियमात राज्य विधिमंडळ एका कलमाने म्हणू शकते की, तक्रारदार कामगार आहे किंवा नाही आणि मधले कंत्राट खरे की नावापुरते, हे ठरवण्याचा अधिकार तक्रार ऐकणाऱ्या न्यायालयाला आहे. त्यासोबत कंत्राटदाराला पक्षकार करणे सक्तीचे हवे, कारण ज्याचे कंत्राट खोटे ठरवायचे त्याचे म्हणणे न ऐकता तसे ठरवणे हाही अन्यायच होईल. मालकाची बाजूही इथे ध्यानात घ्यायला हवी. ज्याने खरोखर स्वतंत्र एजन्सीकडून सुरक्षारक्षक किंवा माळी घेतले आहेत, त्या लहान उद्योजकावर शंभर माणसे कायम करण्याची टांगती तलवार नुसत्या तक्रारीने लटकू नये. म्हणून अंतरिम आदेशासाठी तक्रारदाराने प्रथमदर्शनी काहीतरी दाखवावे, विम्याची नोंद, गेटपास, सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, आणि कंपनीने जबाबासोबतच गेटची व हजेरीची नोंद, कंत्राटाची प्रत आणि बिले दाखल करावीत. न दाखल केल्यास काय निष्कर्ष काढला जाईल हे नियमातच लिहिलेले असावे.

राहता राहिला वाट पाहण्याच्या काळाचा प्रश्न. कंत्राटे बहुधा वर्षाची असतात. संघटनेने दर्जाचा वाद उभा केला की पुढच्या नूतनीकरणाला कंत्राटदार बदलतो, नवा कंत्राटदार नवी माणसे आणतो आणि ज्यांच्या दर्जाबद्दल खटला आहे ते निकालाच्या कितीतरी आधी गेटच्या बाहेर असतात. म्हणूनच त्या कलमात एक वाक्य असे हवे की, दर्जाचा मुद्दा प्रलंबित असताना केवळ कंत्राट संपले किंवा कंत्राटदार बदलला या कारणाने, न्यायालयाच्या परवानगीशिवाय, तक्रारदारांना कामावरून कमी करता येणार नाही. परवानगी मागायला मालकाला मुभा असावी. ती मागताना त्याला न्यायालयासमोर येऊन हे सांगावे लागेल की ते काम आता कोण करते आहे.